मॅडम हजर, मुंगी गैरहजर

पत्र तिसऱ्यांदा वाचून झालं तरी दादाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावरून वर सरकेना. या घरात दादाचा चष्मा शेंड्यावर राहिला की समजायचं, निर्णय झालेला आहे. तो बाकीच्यांच्या गळी उतरवायचा तेवढा बाकी आहे.

"सही करून टाकायची," दादा म्हणाला. "सोमवारी पुन्हा पेपर. इथं, या खिडकीत बसून. विषय संपला."

"तुम्ही विषय संपला म्हणालात की मी चहा टाकते," वहिनी म्हणाली. "पुढे दोन तास तरी लागतात." आणि मांडीवरच्या सुताच्या लड्या बाजूला ठेवून ती खरोखरच उठली.

दादाची धाकटी बहीण दारात चपला काढत होती. वहिनीने सकाळी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "ये, आणि येताना तुझं शिक्षण बरोबर आण." या घरातली ती पहिली शिकलेली, संगणकात डॉक्टरेट, विद्यापीठाच्या संशोधन विभागात नोकरी. गल्लीत तिला बिनइंजेक्शनची डॉक्टर म्हणत. पहिल्या वर्षी पोट दुखतं म्हणून तिघं येऊन गेले, तिने तिघांचे मोबाईल दुरुस्त करून दिले, आणि तेव्हापासून गल्लीचा तिच्या डॉक्टरकीवर विश्वास बसला.

घर सूत रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं. खाली पिंपं खदखदत असत, वर ही नमुन्याची खोली, आणि खोलीला उत्तरेची मोठी खिडकी. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा. तो कुणाची खुशामत करत नाही, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, डोंगरापलीकडून इथं पिंपाखाली जाळ घालायला आलेले. खिडकीला दाखवल्याशिवाय कारखान्यातून एक लडीसुद्धा बाहेर जायची नाही, हा त्यांचा कायदा. पुढे तो सगळ्याच गोष्टींना लागू झाला. भाजी, तापातल्या पोरांच्या जिभा, सांगून आलेली स्थळं, सगळं आधी खिडकीत.

आबांकडची माणसं रंगाने गडद, आणि हे शहर उजळ लोकांचं. हा रंग धुऊन जात नाही का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा आबांनी त्याला सांगितलं होतं, "हीच तर आमच्या मालाची हमी." हे वाक्य घरात अजून महिन्यातून एकदा तरी निघतंच.

"वाच की तूही," दादाने पत्र धाकटीपुढे सरकवलं.

बुधवारी काय झालं ते तिला तोंडपाठ होतं. मुंगी, म्हणजे दादा-वहिनींची एकुलती एक, वय सतरा, अंगाने चिमूटभर, संगणक संस्थेच्या प्रवेश परीक्षेला घरूनच बसली होती. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, असा नियम; म्हणून ती तळघरात, ट्यूबलाइटखाली बसली. समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे लक्ष ठेवणारं यंत्र. साठातले तेहेतीस प्रश्न झाले होते. चौतिसाव्याला यंत्राने पेपर बंद केला. कारण दिलं, परीक्षार्थी जागेवर नाही. त्याआधी म्हणे सतरा वेळा ताकीद दिली होती. मुंगी जागेवरच होती. फार तर नाक खाजवलं असेल.

संस्थेच्या पत्रात दोन वाटा होत्या. एक, सोबतच्या कागदावर सही करायची: 'परीक्षेच्या वेळी मी कॅमेऱ्याला दिसेन अशी व्यवस्था मी केली नव्हती, सबब गैरहजेरीची जबाबदारी माझी आहे.' मग सोमवारी फेरपरीक्षा. दोन, आज शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पुराव्यासह हरकत घ्यायची. मग सुनावणी होईपर्यंत तिची जागा दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. दोन्ही केलं नाही तर जागा गेली. आणि अगदी खाली बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: 'सदर यंत्रणा विद्यापीठाच्या संशोधन विभागाने सर्व वर्णांच्या चेहऱ्यांवर तपासली असून समाधानकारक आढळली आहे.'

धाकटीला ते वाक्य वाचायची गरज नव्हती. तिनेच लिहिलं होतं ते, चार वर्षांपूर्वी, तपासणीच्या अहवालात.

"तुझंच विद्यापीठ ना गं?" मधल्याने विचारलं. मधला भाऊ टेम्पो चालवायचा, लग्नाच्या भानगडीत पडला नव्हता, आणि घरातल्या प्रत्येक वादात तळ्यात-मळ्यात असायचा. शेवटी जो बोलेल त्याचं मत ते त्याचं मत.

"हो. मोठं आहे विद्यापीठ," धाकटी म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाची तिला लाज वाटली.

मोठं होतं, पण विभाग लहान होता. त्या विभागात आपल्यातली ती एकटी. माहितीपत्रकात मात्र तिचे फोटो चार. एकात तर ती स्वतःशीच चर्चा करत असल्यासारखी दोनदा आली होती. सर्वांना सामावून घेण्यासाठी विभागाने सात समित्या काढल्या होत्या, आणि सातही समित्यांवर सामावून घेतलेलं माणूस म्हणून हीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिची नोकरी कायम व्हायचा कागद पुढच्या महिन्यात विभागप्रमुख सरांपुढे जायचा होता, आणि त्या कागदात सर्वांत वरची कामगिरी म्हणून हाच अहवाल होता.

वहिनी चहा घेऊन आली. "मला एवढंच सांगा," ती कप ठेवत म्हणाली, "पोरगी होती की नव्हती?"

"होती," दादा म्हणाला.

"मग नव्हती म्हणून सही कशी करायची?"

"अगं, त्यात नव्हती असं कुठं लिहिलंय? दिसली नाही असं लिहिलंय."

"बरोबर आहे दादाचं," मधला म्हणाला.

"आणि जबाबदारी हिची असं लिहिलंय ते?"

"ते पण चूकच आहे म्हणा," मधला म्हणाला, आणि त्याने चहाच्या कपात तोंड घातलं.

दादाने चष्मा काढला. चष्मा निघाला म्हणजे शाळेची गोष्ट येणार. आणि ती आलीच. दादा आठ वर्षांचा असताना त्याला वर्गात कपाटाशेजारच्या शेवटच्या बाकावर बसवलेलं. मास्तर हजेरी घ्यायचे. नाव आलं की दादा 'हजर' म्हणायचा. मास्तर मान वर करून कोपऱ्यात बघायचे, त्यांना काही दिसायचं नाही, आणि ते फुली मारायचे. वर्षाच्या शेवटी हजेरी एकेचाळीस दिवसांनी कमी पडली. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी आबांनी त्याला पिंपावर घेतलं.

"कारण हजेरी आवाजाची नसते, चेहऱ्याची असते," दादा नेहमीच्या ठिकाणी थांबला. सगळे सवयीने हसले. "म्हणून सांगतो. मी काही भांडायला गेलो नव्हतो, कुणीच गेलं नव्हतं, आणि भांडून उपयोगही झाला नसता. माणसाने उजेडात बसावं. एवढं कळलं असतं तर मी शिकलो असतो. पोरीला खिडकीत बसवा, तिला पडायचेच साठातले पंचावन्न. सुनावणीत समोर त्यांचीच माणसं, त्यांचाच अहवाल. हरली तर वर्ष गेलं. मला तिचं वर्ष घालवायचं नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. धाकटीने मुंगीकडे पाहिलं. एरवी एका मिनिटात चार प्रश्न विचारणारी पोर खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि वेणीचं टोक चावत होती.

"आत्या," मुंगी म्हणाली, "यंत्राचं सरावाचं पान अजून चालू आहे. खाली जाऊन बघूया?"

"काय बघायचंय?"

"मी नक्की काय चुकवलं ते."

मग सगळी वरात तळघरात उतरली. तळघर म्हणजे लड्यांचे ढीग, एक टेबल, डोक्यावर एक ट्यूबलाइट, आणि कोपऱ्यात दुकानाच्या दर्शनी भागातून निवृत्त झालेली पुतळी. तिचा एक हात तुटला होता. गुलाबी गोरी, सरळ नाकाची, सदा हसतमुख. तिला घरात मॅडम म्हणत.

मुंगी टेबलाशी बसली. पडद्यावर अक्षरं उमटली: चेहरा आढळला नाही.

"मान जरा वर कर," दादा म्हणाला. तिने केली. आढळला नाही. "पुढे हो." आढळला नाही. "हस जरा."

"बाबा, मी पेपर देत होते, फोटो नाही."

"हटा, मी बसतो," मधला म्हणाला. त्याने केस नीट केले, छाती काढली. यंत्राने त्याच्या खुर्चीची पाठ बराच वेळ न्याहाळली आणि कळवलं, चेहरा आढळला नाही. "टेम्पोच्या परवान्यावर तर चांगला आलाय," तो पुटपुटला. दादा बसला. नाही. दादाने चष्मा घातला, काढला, परत घातला. नाही. वहिनी बसली तेव्हा यंत्राने एक क्षण विचार केल्यासारखं केलं, पण यंत्राला सापडली ती तिच्या मागच्या भिंतीवरची घड्याळाची पांढरी तबकडी.

"घड्याळाला प्रवेश मिळतोय," वहिनी म्हणाली. "दहा वाजून दहा मिनिटांनी असतं तर हसलंही असतं."

आता मधल्याला राहवेना. त्याने मॅडमला उचललं आणि खुर्चीत बसवलं. तुटक्या बाजूवर एक लडी पांघरली.

पडद्यावर हिरवी खूण आली. परीक्षार्थी जागेवर आहे. परीक्षा सुरू करावी.

मग वहिनीने तोंडाला पदर लावला आणि ती जी हसत सुटली ती खाली बसली. मधला भिंतीला टेकून डोळे पुसायला लागला. दादासुद्धा हसला. मॅडमने पंचवीस मिनिटं पेपर दिला, एकही ताकीद न घेता. मध्ये मधल्याने मुद्दाम तिची मान वळवली तेव्हा यंत्राने सौम्यपणे सुचवलं, कृपया पडद्याकडे पाहावे.

"काय अदबीने बोलतंय बघा हिच्याशी," वहिनी म्हणाली.

मुंगीही हसत होती. हसता हसता तिने विचारलं, "पण आत्या, हे सगळ्यांवर तपासलंय असं लिहिलंय ना? ते तपासलं कुणी?"

कुणाचंच धाकटीकडे लक्ष नव्हतं. मधला मॅडमला पाणी विचारत होता. कोण जाणे कुणी, असं म्हणून पुढे जाता आलं असतं.

"मी," धाकटी म्हणाली.

"काय मी?"

"मी तपासलं. ते वाक्य माझं आहे. अहवालाखाली सही माझी आहे."

दादाने मॅडमच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

मग धाकटीने सगळं सांगितलं. विभागात माणसांच्या रंगांची एक पट्टी होती, सहा चौकोनांची. प्रत्येक चौकोनात बसणाऱ्या बारा माणसांचे चेहरे यंत्राला दाखवायचे. पहिल्या पाच चौकोनांची माणसं विभागाच्या जिन्यातच मिळाली. सहाव्या, सर्वांत गडद चौकोनाला विभागात ती एकटी. सर म्हणाले, तुमच्या घरी असतील की. म्हणून एका सकाळी ती कॅमेरा घेऊन इथं आली.

"आठवतंय," मधला म्हणाला. "तू बिस्किटं आणली होतीस."

"तुम्ही सगळे, शेजारचे, पलीकडचे शिलाईवाले. बाराच्या बारा जण. यंत्राने बाराही ओळखले. मुंगी, तूसुद्धा होतीस त्यात. तुला यंत्राने पहिल्या फटक्यात ओळखलं होतं."

"कुठं काढलेस फोटो?" वहिनीने विचारलं. तिचा आवाज माल तपासतानाचा झाला होता.

"वर. खिडकीत."

"सगळे?"

"सगळे. वहिनी, या घरात काही नीट बघायचं म्हणजे खिडकीत, एवढंच मला माहीत. मला वाटलं मी काळजी घेते आहे."

वहिनीने विचारलं, "आणि दुसरी पायरी?"

"कुठली दुसरी?"

"अगं, ती शाळेच्या गणवेशांची ऑर्डर परत आली नव्हती का? कोट आणि पाटलोण खिडकीत अगदी एक, आणि त्यांच्या सभागृहातल्या दिव्याखाली पाटलोण हिरवी. चारशे पोरं, चारशे हिरव्या पाटलोणी. तेव्हापासून माल आधी खिडकीत बघायचा आणि मग इथं, तळघरात, ट्यूबखाली. खिडकीत कळतो खरा रंग. दगा कुठं देणार ते इथं कळतं." ती थांबली. "तू तेव्हा वसतिगृहात होतीस. तुला अर्धाच कायदा ठाऊक."

धाकटीला बसावंसं वाटलं, पण एकुलत्या खुर्चीत मॅडम होती. चार वर्षं तिने सात समित्यांत समावेशावर भाषणं दिली होती, आणि घरच्याच तळघरात कॅमेरा न्यायचं तिला सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"आत्या," मुंगी म्हणाली. ती आता हसत नव्हती. "मी तीन दिवस वेणी बदलून बदलून बघते आहे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तू मंगळवारी फोनवर सगळं समजावून सांगितलंस, शांत बस, हलू नकोस. मी इतकी शांत बसले की श्वाससुद्धा मोजून घेतले."

"चुकलं माझं," धाकटी म्हणाली. "तुझं काहीच चुकलं नाही. मला बुधवारीच, पेपर बंद पडला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी घाबरले."

"कशाला?"

"नोकरीला. आणि खरं सांगू, तुला. या घरात मला हुशार म्हणणारी तू एकटीच उरलीस."

"मी तर कधीच म्हणत नव्हतो," मधला म्हणाला, आणि वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो लड्या मोजायला लागला.

मुंगीने वेणीचं टोक तोंडात धरलं. मग तिने ते सोडलं. "तू हे लिहून देशील?"

"देते."

"सरांनी काढून टाकलं तर?"

"तर तुझ्या आईच्या हाताखाली लड्या वळेन. अर्धा कायदा शिकायचा राहिलाच आहे."

"वळायला येतात का आधी ते बघू," वहिनी म्हणाली. पण ती जवळ आली आणि तिने धाकटीच्या हातातली पर्स काढून घेतली, घरात आलेल्या माणसाची घेतात तशी. "आणि सहा चौकोन म्हणालीस ना? सहा? अगं, आपल्या एका गल्लीला पुरायचे नाहीत." तिने ढिगातून लड्या ओढायला सुरुवात केली. एकेकाचं मनगट धरून ती लडी लावून बघू लागली. दादा निघाला कॉफीचा गाळ, मधला जुनं तांबं, मुंगी ओली वीट. धाकटीच्या मनगटाला तिने तीन लड्या लावल्या आणि चौथी ठेवली. "तू आधी जळकी साखर होतीस. विद्यापीठाने फिकी केली. उन्हात बसत जा."

"वहिनी, मग तुम्ही कुठल्या?" धाकटीने विचारलं.

"मी काळं रेशीम. त्याचा दर वेगळा."

तिने त्या पाच लड्यांचे तुकडे एका पुठ्ठ्यावर बांधले. खाली प्रत्येकाचा नंबर लिहिला, गिऱ्हाइकाला देतात तसा. सगळे विभागाच्या पट्टीवर सहावा चौकोन, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

दादा मात्र अजून पत्र हातात धरून होता. "हे सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "चूक तिची, मान्य. पण खिडकी तिथंच आहे, आणि सोमवारही येणारच आहे. सही केली तर जागा नक्की. मुंगे, मी तुझ्या भल्याचंच सांगतो."

"बाबा," मुंगी म्हणाली, "तुम्ही वर्गात हजर म्हणायचात ना?"

"रोज."

"समजा मास्तरांनी शेवटी तुम्हाला सांगितलं असतं की, एका कागदावर लिहून दे, एकेचाळीस दिवस मी नव्हतो, चूक माझी, मग पुढच्या वर्गात घालतो. तर दिलं असतंत?"

ही गोष्ट दादाने हजारदा सांगितली होती, पण तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि यावेळी खिशात ठेवला.

"आबांनी दिलं असतं," तो हळूच म्हणाला. "मी नसतं दिलं. मी आठ वर्षांचा होतो, पण नसतं दिलं."

त्यानंतर घाई झाली. भिंतीवरच्या तबकडीत चार वाजून पाच मिनिटं झाली होती. धाकटीने निवेदन लिहिलं: तपासणी मी केली, बाराही चेहरे एकाच खिडकीत टिपले, म्हणून निष्कर्ष अपुरा आहे, परीक्षार्थी दोषी नाही. मुंगीने हरकत लिहिली, तिच्या गणितासारखी, एका ओळीखाली एक ओळ. मधल्याने मॅडमच्या परीक्षेची मोबाईलवर काढलेली चित्रफीत जोडली. संस्थेचं पान उघडलं, सगळं चढवलं, आणि शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर आलं: हरकत दाखल करण्यासाठी कृपया चेहरा पडताळणी करा.

मुंगी कॅमेऱ्यासमोर बसली. चेहरा आढळला नाही.

"घ्या," वहिनी म्हणाली. "दिसत नाही ही तक्रार करायला आधी दिसावं लागतं."

"वर जाऊ, खिडकीत," धाकटी म्हणाली. "एका मिनिटाचं काम आहे."

"नाही," मुंगी म्हणाली. "खिडकीत बसून मी खिडकीशिवाय दिसत नाही असं सांगायचं? मग ते म्हणतील, दिसतेस की."

मधला आशेने मॅडमकडे बघत होता. तेवढ्यात जिन्यावरून दादाचा आवाज आला. तो कधी वर गेला ते कुणाला कळलंच नव्हतं. "माझे चांगले बूट कुठं आहेत?"

"कशाला?" वहिनीने विचारलं.

"कागदावर छापा. हातात देऊन येऊ. मी येतो."

वहिनीने बूट काढून दिले, आणि पिंपाजवळ थांबायला कुणीतरी हवं म्हणून ती मागे राहिली. टेम्पोत पुढे मधला, दादा आणि मांडीवर कागद घेऊन मुंगी. मागे रंगाच्या डब्यांत धाकटी, आणि तिच्या शेजारी मॅडम, कारण पुरावा मूळ असावा असं मधल्याचं म्हणणं पडलं. प्रत्येक वळणावर मॅडम धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकत होती. ही नोकरी पुढच्या महिन्यात राहते की जाते, याचा विचार धाकटीच्या मनात येत होता. पण चार वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं.

संस्थेच्या आवक-जावक खिडकीमागे एक कारकून टेबलं आवरत होता. पाचला अकरा मिनिटं होती.

"ऑनलाइन करा," तो मान वर न करता म्हणाला.

"ऑनलाइनला ही दिसत नाही," दादा म्हणाला.

"कोण?"

"परीक्षार्थी. तुम्हाला दिसते का बघा."

कारकुनाने मान वर केली. दादा, मुंगी, धाकटी, आणि मधल्याच्या काखेत एक हात नसलेली हसतमुख बाई. "मला न दिसायला काय झालं?" तो म्हणाला. "ह्या कोण?"

"साक्षीदार," मधला म्हणाला. "यांचा पेपर पूर्ण झालाय."

कारकुनाने पुढे विचारायचं टाळलं. त्याने कागद उलटले, लड्यांचा पुठ्ठा उलटसुलट करून बघितला, धाकटीच्या निवेदनापाशी जरा थांबला आणि तिच्याकडे पाहिलं. मग शिक्का उचलला. चार त्रेपन्न. त्याने पोचपावतीचं पुस्तक ओढलं. "हरकत मिळाली. सुनावणीपर्यंत जागा राखीव राहील, कळवतील. सही करा." मुंगीने सही केली. कारकून पावतीवर पेन टेकवणार एवढ्यात दादा काचेशी वाकला.

"साहेब, ती स्वतः आली होती तेही लिहा."

"गरज नसते."

"मला आहे," दादा म्हणाला.

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, कारण कारकून कुरकुरला नाही. त्याने मुंगीकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि पावतीवर लिहिलं, परीक्षार्थी समक्ष हजर. पावती काचेखालून सरकली. दादाने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, अगदी नीट, वरपर्यंत. शेवटचा शब्द त्याने बोट ठेवून वाचला. पेनाची शाई संपत आली होती. शब्द फिकट उमटला होता.

दादाने पावती परत आत सरकवली.

"हजर जरा ठळक लिहा," तो म्हणाला. "शाई कमी पडत असेल तर खाली टेम्पोत आहे. आमचा रंग जात नाही."